डॉक्टरकडे गेलं की वजनाचाच विषय निघतो, म्हणून जाणंच सोडलं...

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका हेच विचारतात, की मॅडम काहीही दुखलं तरी डॉक्टर आधी वजन कमी करा म्हणतात, मग जायचंच नको वाटतं, काय करू? एका ताईंचा अनुभव सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत).

नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या ताई, चाळिशी ओलांडलेली, शाळेत नोकरी. आल्या होत्या झोप नाही, चिडचिड होते म्हणून, पण बोलता बोलता निघालं की जिना चढला की धाप लागते, गुडघे दुखतात, दुपारनंतर अंगात त्राणच राहत नाही. डॉक्टरला दाखवलं का विचारलं तर डोळ्यात पाणीच आलं. "मी खुर्चीवर बसाच्या आधीच डॉक्टर म्हनते वजन कमी करा, मंग काहून जाऊ मी?"

त्यानंतर त्या कुठेच गेल्या नव्हत्या. घरी मात्र मोबाईलवर बघून डाएट सुरू, सकाळी लिंबू-मधाचं पाणी, रात्रीचं जेवण बंद, मग रविवारी राहवलं नाही की तर्री पोहे आणि दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसायचं. वजन उतरायचं, परत चढायचं, आणि प्रत्येक वेळी आपल्यातच खोट आहे असं वाटायचं.

मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही, पण पाळीचं विचारलं. आठ-नऊ दिवस जाते, रक्ताच्या गाठी पडतात म्हणाल्या. हे कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण वजनाच्या पुढे कधी बोलणंच गेलं नाही!

मग आम्ही बसून एक चिठ्ठी लिहिली, त्यांच्याच अक्षरात. धाप कधीपासून, पाळी किती दिवस, किती पॅड लागतात, आणि शेवटी एक प्रश्न: "हाच त्रास बारीक बाईला असता तर तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या असत्या?" सोबत नणंदेला घेऊन जा म्हटलं, एकटं असलं की माणूस गप्प बसतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी नीट वाचली. हिमोग्लोबिन निघालं ७.८, बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, आणि सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. अशा गाठीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, आणि रक्त कमी झालं की धाप लागते, थकवा येतो. आधी बीपी वाढलंय म्हणून सांगितलं होतं, ते मोठ्या पट्ट्याने मोजल्यावर नॉर्मल आलं. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडला तर बीपी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे मोठा पट्टा आहे का हे बिनधास्त विचारा, त्यात लाजायचं काहीच नाही.

आता वजनाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. गुडघ्यावर भार येतोच, आणि आपल्या लोकांमध्ये पोटाच्या चरबीने शुगरचा धोका वाढतो, बायकांची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की लक्ष द्यायला हवं. पण ८० किलोच्या माणसाने चार-पाच किलो जरी हळूहळू कमी करून टिकवले तरी शुगर, बीपीला फायदा होतो, त्यासाठी पार बारीक व्हायची गरज नाही. उलट उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, केस गळतात, आणि रक्त आधीच कमी असेल तर अजून हाल.

ताईंना डाएटिशियनने रात्रीचं जेवण परत सुरू करायला लावलं, भाकरी, वरण, पालेभाजी. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, ती चहासोबत घ्यायची नाही कारण चहाने लोह अंगी लागत नाही, त्याऐवजी लिंबू किंवा संत्रं चालतं, आणि संत्र्यांची तर नागपुरात काय कमी! गोळीने पोट धरतं म्हणून मध्ये बंद करणार होत्या, मी म्हटलं आधी डॉक्टरांना फोन करा, त्यांनी गोळी बदलून दिली.

धाप आता बरीच कमी आहे, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सुरू केलीय. गाठीचं काय करायचं ते पुढच्या सोनोग्राफीनंतर ठरेल, आणि त्या तारखेला नणंद येणार नसली तरी मी एकटी जाईन म्हणाल्या.