वाचक विचारतात: केसांचा जिग आणि बोडीतली चिलापी

प्रश्न: अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी असे लहान मासे धरायला केस बांधलेला जिग (शिशाचे डोके असलेला गळ) वापरतात. आमच्या बोडीत (लहान तळ्यात) तो कोणत्या माशाला चालेल? केस कशाचे घ्यावेत? (साकोली, जि. भंडारा)

उत्तर: चिलापीला, म्हणजेच तिलापियाला. तोंड लहान, वावर काठाजवळ, आणि विणीच्या काळात नर उथळ पाण्यात तळाशी गोल खळगा करून त्याची राखण करतो. खळग्यात काही पडले की भूक असो-नसो, तो त्यावर धावून येतो. रोहू-मृगळामागे जिग घेऊन लागू नका, ते कणकेचे गिऱ्हाईक.

केस बकऱ्याच्या शेपटीचे. खाटकाकडे सहज मिळतात आणि पांढरे, काळे, तपकिरी हे तिन्ही रंग रंगवल्याशिवाय हाती येतात. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात काळा, निवळल्यावर पांढरा. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. चरबी राहिली तर केस लवकर भिजत नाहीत आणि गाठ पक्की करायला लावलेले नेलपॉलिश मुरत नाही. चितळ, सांबर, मुंगसाचे केस कोणी देऊ केले तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे झंझट मागे लागेल.

प्रश्न: जिग घरीच बांधतो, पण एक-दोन मासे लागले की केस निघून येतात. कुठे चुकते? (जि. गोंदिया)

उत्तर: बहुधा केस थेट गुळगुळीत धातूवर बांधले जातात. साधारण 1 ग्रॅम शिशाचे डोके असलेला 8 नंबरचा जिगचा गळ घ्या (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). तो पकडीत धरून पकडीच्या मुठींवर सायकलच्या ट्यूबची रिंग चढवा, दोन्ही हात मोकळे होतात. शिवणाचा पॉलिएस्टर धागा मेणबत्तीवरून ओढून घ्या आणि शिशाच्या लगेच मागे आठ-दहा वेढ्यांची बैठक करा.

झुपका चिमटीत दाबल्यावर काडेपेटीच्या काडीपेक्षा जाड नको. हौसेने भरगच्च बांधलेला जिग दिसतो छान, पण पाण्यात केस हलतच नाहीत आणि आतल्या केसांवर धाग्याची पकडही बसत नाही. मुळाकडची बारीक लव जुन्या टूथब्रशने विंचरून काढा. ती राहिली की धागा लवेला आवळतो आणि लांब केस मधून निसटतात. झुपका बैठकीवर ठेवून पहिले दोन वेढे सैल घाला, मग धागा सरळ खाली ओढून आवळा. पहिलाच वेढा करकचून घातला तर झुपका गळाभोवती फिरून एका अंगाला जातो. असा जिग ओढताना गरगरतो आणि तंगूसाला (गरीच्या नायलॉन दोरीला) पीळ बसतो.

पुढे आलेले बुडखे तिरपे कापा, त्यावर पंधराएक घट्ट वेढे आणि तीन-चार अर्ध्या गाठी. मग नेलपॉलिशचा पातळ हात, तो पुरता वाळला की दुसरा. गळाच्या डोळ्यात (तंगूस ओवायच्या छिद्रात) गेलेले पॉलिश ओले असतानाच सुईने काढा.

प्रश्न: फ्लोट हलतो, मासा खेचतो, पण गळाला लागत नाही. (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर: केस लांब आहेत. मासा शेपटी चघळून सोडतो. गळाच्या वळणामागे अर्धा सेंटिमीटर केस पुरे. जास्तीचे केस कात्रीने सरळ छाटू नका, टोके बोथट होऊन हालचाल जाते. नखाच्या चिमटीत धरून थोडे थोडे तोडा.

तरीही लागत नसेल तर जिग हवेत लोंबकळू देऊन पाहा. तो आडवा, पाण्याला समांतर राहायला हवा. मासा ओढला की गाठ डोळ्यात पुढे सरकते आणि जिग नाक वर, शेपटी खाली असा लटकतो. दर माशानंतर गाठ बोटाने मागे सरकवा. तंगूस 0.18 मिमीच्या आसपासचा. जाड असला तर एवढासा जिग नीट बुडतही नाही. आणि सारखे झटके देऊ नका. गरीच्या काठीचे टोक वीतभर उचला, सोडा, दहा आकडे मोजा. स्थिर जिगाचे केसही पाण्यात हलतात, घास बहुतेक वेळा तेव्हाच येतो.

प्रश्न: गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गरी टाकायला परवानगी लागते का? (जि. गडचिरोली)

उत्तर: बरेच मामा तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी संस्थेला विचारा. खासगी बोडीत मालकाला. अभयारण्यातल्या तलावात गरी टाकायचीच नाही.