पावती खिशात, लायसन्स आरटीओत

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, ऑर्डरींसाठी पुण्याला सतत जावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी येताना सावळेश्वर टोलच्या अलीकडे महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीने माझी कार थांबवली. फलक ८० चा होता, मशीनवर ११२ दाखवत होतं. दोन हजार दंड तिथंच भरला, पण त्यांनी लायसन्सही ठेवून घेतलं आणि पावती दिली. पुढे आरटीओची नोटीस आली. तारीख नेमकी लग्नसराईत होती, गेलो नाही. पावती आहे म्हणून गाडी चालवतोय. ओळखीचा एजंट म्हणतो, हरवलं म्हणून डुप्लिकेट काढून देतो. याआधी ॲपवर वेगाची दोन चलनं भरली आहेत, त्यातलं इंदापूरजवळचं पुतण्या चालवत असतानाचं, दुसरं तुळजापूर रोडचं माझं. मशीन चुकलं म्हणून भांडता येईल का? लोकअदालतीत दंड कमी होईल का? नोटिशीला उत्तर दिलंच नाही तर काय होईल? मार्ग सुचवा. (तोपर्यंत मुलगा चालवेल, त्याचं लर्निंग आहे, मी शेजारी बसेन.)

उत्तर : दंडाबद्दल विचारलंत, मशीनबद्दल विचारलंत, लोकअदालतीबद्दल विचारलंत. विचारायचं होतं ते विचारलंच नाही. ‘पावती आहे म्हणून गाडी चालवतोय’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, आणि सगळा घोळ त्याच वाक्यात आहे. अशी पत्रं मला सारखी येतात. प्रत्येकाला दोन हजारांची चिंता असते, पावतीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

आधी ती पावती बाहेर काढा आणि तिच्यावर कलम कोणतं आहे ते बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये लायसन्स ताब्यात घेण्याचे दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिला जुना. ज्याच्यावर खटला भरायचा तो चालक पसार होईल असं पोलिसाला वाटलं, तर लायसन्स घेऊन कोर्टाकडे पाठवायचं आणि पावती द्यायची. त्या पावतीवर, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा कोर्ट वेगळा आदेश देईपर्यंत, गाडी चालवता येते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘पावती म्हणजे लायसन्स’ असं जे चालत आलंय ते यावरून. दुसरा प्रसंग २०१९ च्या दुरुस्तीने आला, तो म्हणजे पोटकलम (४). भरधाव वेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं अशा ठरावीक गुन्ह्यांत लायसन्स कोर्टाकडे जात नाही. ते निलंबनाच्या किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी आरटीओकडे जातं. पावती इथंही मिळते, पण कायद्याने तिथंच स्पष्ट म्हटलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत या पावतीवर गाडी चालवता येणार नाही.

तुमचं लायसन्स वेगासाठी घेतलंय आणि नोटीस आरटीओकडून आलीय. त्यामुळे पावतीवर नुसतं ‘२०६’ असलं, शाई पुसट असली, तरी मी ती पोटकलम (४) चीच धरेन. तुम्हीही तशीच धरा. म्हणजे गेले दोन महिने तुम्ही लायसन्स नसल्यासारखेच फिरताय. रोज एमआयडीसी, आठवड्याला पुणे.

यावर शिक्षा काय, याचं मी छातीठोक उत्तर देणार नाही. पोलीस कलम १८१ लावतील, म्हणजे पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उद्या निलंबनाचा आदेश झाल्यावरही गाडी चालवलीत तर कलम १८२ लागेल, तिथं दंड दहा हजारांचा आहे. बहुधा दंडावर भागेल. माझी काळजी वेगळी आहे.

मोहोळच्या पुढे एखादा मोटारसायकलवाला आडवा आला, चूक त्याचीच असली तरी, त्याच्या घरचे नुकसानभरपाईचा दावा लावतील. तुम्ही म्हणाल, विमा आहे. विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तुमचं लायसन्स मागेल. तुम्ही पावती दाखवाल आणि तो कलम २०६ (४) चं परंतुक, म्हणजे ‘या पावतीवर गाडी चालवता येणार नाही’ ही अट, वाचून दाखवेल. स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विमा कंपन्यांना सहजासहजी सुटू दिलं नाही. विम्याची अट जाणूनबुजून मोडली हे कंपनीनं सिद्ध करावं, आणि तोवर तिसऱ्या माणसाचं नुकसान होऊ नये, असा त्या निकालाचा रोख आहे. पण त्याचा आधार मालकाला कधी मिळतो? ड्रायव्हरचं लायसन्स खोटं निघालं आणि मालकाला ते ठाऊक नव्हतं, तेव्हा. इथं मालकही तुम्ही, ड्रायव्हरही तुम्ही, आणि नोटीस घरात येऊन पडलेली. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा कुठं ठेवलीत? भरपाईचा दावा ऐकणारं न्यायाधिकरण काय ठरवेल ते त्या प्रकरणातल्या पुराव्यावर अवलंबून राहील. पण कंपनीनं आधी रक्कम भरायची आणि मग तुमच्याकडून वसूल करायची, असा आदेश झाला तर कारखान्यातले माग विकावे लागतील. म्हणून हे वाचून होताच गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवून वेळ मारून नेऊ, असं काही डोक्यात असेल तर तेही काढा. जप्तीची नोंद ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर झाली असेल तर मोबाईलच तुमच्याविरुद्ध बोलेल.

आता नोटिशीकडे. ‘लग्नसराईत तारीख होती’ हे वाचून कपाळावर हात मारून घेतला. लायसन्स कोर्टात अडकलं असतं तर मी काही बोललो नसतो. तिथं साहेब रजेवर, सरकारी वकील नाहीत, पुढची तारीख, हे तुम्हा-आम्हाला पाठ आहे. पण ही सुनावणी विजापूर रोडवरच्या आरटीओ कार्यालयातली आहे. तिथं अधिकारी कागद बघतो, तुमचं ऐकतो, आदेश काढतो. अख्ख्या व्यवस्थेत जिथं काम चटकन उरकतं त्या एका ठिकाणी तुम्ही गेला नाहीत.

आणि न जाण्याचा तोटा तुम्हालाच आहे. कलम १९ (१अ) प्रमाणे, लायसन्स आरटीओकडे आल्यावर तुमचं म्हणणं ऐकून अधिकारी एकतर तुम्हाला मोकळं करू शकतो, नाहीतर कारणं लिहून अपात्र ठरवू शकतो. पहिला गुन्हा असेल तर तीन महिने, दुसरा किंवा त्यापुढचा असेल तर लायसन्सच रद्द. हे तीन महिने साधारणपणे आदेशापासून धरले जातात. लायसन्स घेतलं त्या दिवसापासून ते आपोआप सुरू होत नाहीत. तुमचे दोन महिने गेले, त्यातला एकही दिवस हिशेबात नाही. आणखी दोन महिने ‘बघू’ म्हणालात तर तेही फुकट जातील, आणि त्यानंतर तीन महिने सुरू होतील. त्यामुळे या आठवड्यातच स्वतः जा. लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि सुनावणीसाठी जवळची तारीख मागा. नोटीस मिळाली, हजर राहता आलं नाही, कारण अमुक, असं सरळ लिहा. लग्नाची पत्रिका जोडली तरी चालेल, आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडू नका. एकतर्फी आदेश आधीच झाला असेल तर त्याची प्रत घ्या. त्याविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही.

सुनावणीत काय बोलायचं हे तुमच्या आधीच्या दोन चलनांवर ठरेल. ॲपवर पैसे भरले की विषय मिटला, असं सगळेच समजतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये अशी तरतूद आलीय की तडजोड शुल्क (म्हणजे कोर्टात न जाता भरलेला दंड) भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजता येतो. शिवाय तडजोड झाली म्हणून २०६ (४) ची कारवाई थांबत नाही. टोलजवळ दोन हजार भरूनही लायसन्स गेलं ते त्यामुळेच. नाश्ता करता करता यूपीआयने चलन भरायचं, फोटो उघडूनही बघायचा नाही, याची किंमत आता कळतेय.

इंदापूरचं चलन पुतण्याचं, असं तुम्ही म्हणता. वेगाच्या गुन्ह्याचं कलम १८३ गाडी चालवणाऱ्याला लागतं आणि कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, हे खरं. तो मुद्दा चलन आलं तेव्हाच, कोण चालवत होतं ते कळवून, मांडायला हवा होता. पैसे तुम्ही भरलेत. तरीही पुतण्या स्वतः लिहून द्यायला तयार असेल आणि खरोखर तोच चालवत असेल, तर त्याचा लेखी जबाब जोडा. टोलच्या पावत्या, त्या दिवशी तुम्ही कारखान्यात असल्याच्या नोंदी, जे असेल ते लावा. तो तयार नसेल तर विषय सोडा. आणि कृपा करून तुळजापूर रोडचं चलन मेव्हण्याच्या नावावर ढकलायचा विचार करू नका. ते तुमचं आहे, असं तुम्हीच मला लिहिलंय.

म्हणजे पुतण्याचं वजा केलं तरी तुमचं एक उरतं, आणि रद्द होण्याची भीती खोटी नाही. इथं नोटिशीचा मजकूर बारकाईनं वाचा. तिच्यात फक्त सावळेश्वरचा प्रसंग आहे की आधीच्या चलनांचाही उल्लेख आहे? उल्लेख नसेल तर जेवढं विचारलंय तेवढ्यालाच उत्तर द्या. उल्लेख असेल तर ती चलनं तुमच्या लायसन्सशी कशी जोडली, याचे कागद मागा, कारण कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या नंबरावर निघतं. अधिकारी हे मान्य करेलच असं नाही. पण कारणं लिहूनच आदेश काढायचं बंधन त्याच्यावर आहे, आणि उपस्थित न केलेल्या मुद्द्याचं कारण कुणी लिहीत नाही. विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. अपघात नाही, दारू नाही, दंड जागेवर भरला, उजळणी प्रशिक्षण घ्यायची तयारी आहे, हे अर्जात यायला हवं. दोन महिने गाडी चालवली नाही, असं लिहायचा मोह होईल. फास्टॅगच्या नोंदी मागवता येतात.

मशीनचं म्हणाल तर, कुणा एकाच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही, त्याला उपकरणाचा आधार लागतो, असं कलम १८३ मध्येच आहे. तुमच्या बाबतीत तो आधार आहे. रीडिंगवर भांडायचं होतं तर पैसे न भरता कोर्टात जायचं होतं. आता तो मुद्दा फार ताणू नका. फलक झाडाआड होता वगैरे काही असेल आणि फोटो असेल, तर एका ओळीत लिहा. लोकअदालत न भरलेल्या चलनांसाठी असते. तुमचं भरून झालंय, तिथं तुमचं काही काम नाही.

राहिला एजंट. लायसन्स हरवलेलं नाही, ते कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही ‘हरवलं’ म्हणून सही केलीत तर आज दोन हजारांचं वाहतुकीचं प्रकरण आहे ते उद्या सरकारी कार्यालयात खोटी माहिती दिल्याचं फौजदारी प्रकरण होईल. आणि अर्ज जाणार त्याच कार्यालयात, जिथं तुमचं मूळ लायसन्स फाइलला लावून ठेवलंय. फॉर्मवर सही तुमची असेल, एजंटाची नसेल.

पत्राच्या शेवटी कंसात लिहिलंय, ‘तोपर्यंत मुलगा चालवेल, त्याचं लर्निंग आहे, मी शेजारी बसेन’. लर्निंगवाल्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे चालू स्थितीतलं पक्कं लायसन्स लागतं. तुमच्याकडे ते सध्या नाही. आदेश होईपर्यंत पगारी ड्रायव्हर ठेवा, आणि त्याचं लायसन्स हातात घेऊन, तारीख बघून, झेरॉक्स काढून मगच किल्ली द्या.