ओट्याची चमक कुठं गेली?

प्रश्न : काका, इंदिरानगरला आमचा फ्लॅट आहे. ओटा करड्या ठिपक्यांच्या ग्रॅनाइटचा, घर घेतलं तेव्हापासूनचा. सोसायटीला बोअरचं पाणी. नळाच्या मागं पांढरा, खरखरीत थर बसलाय. शेगडीपाशी दगड कायम ओला असल्यासारखा काळपट दिसतो, आणि चमक तर गेलीच. पॉलिशवाला मशीन लावू म्हणतो. भिशीतली मैत्रीण म्हणते, लिंबू-सोड्यानं घास आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरव. बाजारात सीलरची बाटली मिळते, तिनं चमक येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, पत्रात तीन दुखणी आहेत आणि तुम्ही औषध एकच मागताय. आधी बाटलीचं सांगतो. सीलरनं चमक येत नाही. ग्रॅनाइटची चमक घासून आणलेली असते. 50 नंबरच्या जाड पॅडपासून सुरू करून 100, 200, 400, 800, 1500, 3000 असं बारीक बारीक करत नेतात. सीलर दगडाच्या छिद्रांत मुरतो आणि तेल-पाण्याला आत शिरू देत नाही. चांगला लावलेला सीलर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

आता चमक ‘गेली’ म्हणता त्याबद्दल. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, कठीणपणा दहापैकी सहा ते सात. स्टीलच्या सुरीनंही त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. पोळ्या लाटून आणि फडकं फिरवून त्याचं पॉलिश कसं जाईल? अंबडला दगड कापण्याच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. ‘पॉलिश उडालंय’ म्हणून बोलावणं यायचं आणि बहुतेक घरांत पॉलिश जागेवरच असायचं, वर साबण, तेल आणि क्षारांचा पापुद्रा. खात्री करायची तर मिक्सर उचला आणि त्याच्याखालचा दगड बघा. तिथं चमक असेल तर बाकीच्या ओट्यावरही ती खाली दडलेली आहे.

नळामागचा थर काढायला काच खरवडायचं ब्लेडचं पातं घ्या. जागा साबणाच्या पाण्यानं ओली ठेवा, पातं जवळजवळ आडवं धरा आणि एकाच दिशेनं ढकला. पापुद्रे सुटून येतात. टोक मात्र दगडात रुतवू नका.

लिंबू आणि सोडा एकत्र केले की फेस येतो, बघायला बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. नुसत्या लिंबानं ग्रॅनाइटचं फारसं बिघडत नाही, जोडातलं सिमेंट मात्र खाल्लं जातं. बाथरूमचं अ‍ॅसिड ओट्याजवळ आणूच नका. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते ग्रॅनाइटलाच विरघळवतं आणि माणसाच्या हाताला त्याहून वाईट. खोबरेलाचं म्हणाल तर शेगडीपाशी जे काळपट दिसतंय ते मुरलेलं तेलच आहे. तेच आता सगळ्या ओट्याला कशाला पाजता?

ते तेल बाहेर ओढावं लागतं. खायचा सोडा पाण्यात कालवून भज्यांच्या पिठाइतका घट्ट करा आणि डागावर बोटभर जाड थापा. वर प्लॅस्टिक, कडांना चिकटपट्टी. 24 तासांनी प्लॅस्टिक काढा, लेप पूर्ण वाळू द्या, मग उचला. डाग फिका झाला असेल तर पुन्हा तेच. एका लेपात जुनं तेल निघत नाही, तेव्हा चिडू नका.

डाग गेला, दगड कोरडा झाला की मग सीलरचा विचार. शेगडीपाशी, सिंकपाशी आणि मध्ये थोडं थोडं पाणी टाका, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. खाली दगड गडद झाला असेल तर सीलर हवा. तसाच राहिला तर पैसे वाचले. घट्ट विणीच्या काळ्या दगडात सीलर मुरत नाही, वरच बसतो आणि धुरकट साय धरतो.

लावायचा मुहूर्त पाऊस उघडल्यावरचा, दिवाळीच्या आधी. श्रावणात दगड लवकर सुकत नाही. ओटा धुऊन दिवसभर कोरडा ठेवा. सॉल्व्हंटचा सीलर असेल तर गॅस खालून बंद, खिडक्या उघड्या. दगडासाठीचा, आत मुरणारा आणि अन्नाच्या जागी चालेल असं लिहिलेला घ्या. हातभर जागेत कापडानं लावा, बाटलीवर दिली असतील तेवढी मिनिटं थांबा आणि वाळायच्या आत कोरड्या कापडानं पुसून काढा. सगळी मेहनत या पुसण्यात आहे. उरलेला सीलर वाळला की पांढरट पट्टे दिसतात. तिथं थोडा ताजा सीलर लावून लगेच पुसलं की ते निघतात. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नको, पोळ्या टेबलावर लाटा. पुन्हा कधी लावायचा ते कॅलेंडर बघून ठरवू नका, पाण्याचे थेंब टाकून बघा.

मशीन कधी? अ‍ॅसिडनं दगड खरोखर मेला असेल तर. भाड्यानं ग्राइंडर आणून मात्र घरी करू नका. पाणी, वीज आणि फिरतं पॅड एकत्र येतं, शिवाय नवख्या हातानं ओट्यावर खड्डे पडतात आणि ते उजेडात दिसतात. पॉलिशवाल्याला विचारा, शेवटचा पॅड किती नंबरचा? तो नंबर न सांगता मेणाचा डबा उघडू लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न : पंचवटीतलं जुनं घर आहे, ओटा कडाप्प्याचा. लिंबू कापलं तिथं पांढुरके गोल उठलेत. घासून जात नाहीत. सीलर लावू का?
– एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, ते डाग नाहीत, म्हणून घासून जात नाहीत. कडाप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम, ताक, सगळ्यांनी त्याचं पॉलिश खाल्लं जातं. सीलरनं तेल अडेल, आंबट अडणार नाही. पण दगड मऊ असल्यानं हे हातानं होण्यासारखं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणवा, 400, 800 आणि 1200 नंबरचे. पाणी टाकत त्याच क्रमानं गोल गोल घासा, गोलाच्या चार बोटं पलीकडंपर्यंत, नाहीतर तेवढाच ठिपका वेगळा दिसेल. नातवाला कामाला लावा. आणि लिंबू ताटलीत कापा.