गोळी ५००ची निघाली, आणि दुकानदार सही मागतोय

प्रश्न: पनवेलला राहते. तीन वर्षांच्या मुलीला मलेरिया झाला. डॉक्टरांनी क्लोरोक्विन २५०ची गोळी लिहून दिली: पहिले दोन दिवस एकेक, तिसऱ्या दिवशी अर्धी. मेडिकलमधल्या पोऱ्याने ५००च्या गोळ्यांची पट्टी कापून दिली, बिल नाही. पहिल्याच गोळीनंतर दोन तासांत उलट्या, मग झटके. चार दिवस आयसीयूत होती, आता बरी आहे. दुकानदार २५ हजार देऊन 'तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतोय. पोलिसांनी मला जबाबासाठी बोलावलंय. गोळी मीच भरवली, तर गुन्हा माझ्यावर येईल का?

उत्तर: नाही, ताई. चिठ्ठीत होती तेवढीच, एकच गोळी तुम्ही दिलीत. यात निष्काळजीपणा कुठे आला? विषबाधेची खबर रुग्णालय पोलिसांना देतंच, त्यातून हा जबाब आलाय. शिवाय साक्षीदार म्हणून बाईमाणसाला चौकीत बोलावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९प्रमाणे जबाब राहत्या घरी घ्यायचा असतो. तसं नम्रपणे सांगा, आणि घडलं तेवढंच सांगा.

आता खरी लढाई. दुकानदाराचा वकील म्हणेल, 'पोरीला मलेरिया होता, झटके तापाने आले.' याला उत्तर रुग्णालयाच्या कागदांत आहे. २५० आणि ५०० हे क्षारासकट (क्लोरोक्विन फॉस्फेट) वजन झालं; २५०च्या गोळीत मूळ क्लोरोक्विन १५० मिलिग्रॅम असतं, ५००च्या गोळीत ३००. म्हणजे चिठ्ठीतला पहिल्या दोन दिवसांचा डोस तिच्या पोटात एका वेळी गेला. अशा विषबाधेत रक्तातलं पोटॅशियम घसरतं, ईसीजी बिघडतो. तापाच्या झटक्यांत सहसा असं दिसत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'झटके' लिहिलं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून औषधाचं नाव आणि मात्रा लेखी घ्या. सगळे कागद लेखी अर्ज देऊन मागा. ते ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

उरलेली पट्टी दुकानदार 'बदलून देतो' म्हणेल. देऊ नका! दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर दिसला पाहिजे. पोलिसांनी मागितली तर पंचनामा करूनच द्या. मूळ चिठ्ठीही जपा. बिल नाही म्हणून घाबरू नका. यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंद पुरावाच आहे. उलट बिल न देणं हा दुकानदाराचाच दोष. दुकानातलं सीसीटीव्ही मात्र काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा.

अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे (औषधे) तक्रार करा. औषध नियमावलीतल्या नियम ६५प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. त्या वेळी फार्मासिस्ट दुकानात होता का, हे निरीक्षकाला दप्तर उघडून तपासता येतं. परवाना फक्त भिंतीवर आणि माणूस भलतीकडेच, हे आपल्याकडे काही नवल नाही.

भरपाईसाठी अलिबागला रायगड जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या रकमेवर नव्हे, तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरते; त्यामुळे गोळ्यांच्या किमतीवर दावा जिल्ह्यातच बसेल आणि फीही लागणार नाही. रुग्णालयाचा खर्च, बुडालेला रोजगार, मनस्ताप, सगळं मागा. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांवर मी दावा लावणार नाही. अक्षर वाचता येत असेल तर ते तुमचे सर्वांत भक्कम साक्षीदार आहेत, त्यांना विरोधी पक्षात का ढकलायचं?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५खाली (निष्काळजी कृतीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) दुकानदारावर फौजदारी गुन्हा लागू शकतो. पण माझा त्यावर फारसा भर नाही. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि त्यातून तुमचं रुग्णालयाचं बिल सहसा भरून निघत नाही.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. तडजोड करायचीच असेल तर आयोगासमोर, लेखी. आणि आकडा ठरवण्याआधी मुलीची नजर व हृदय तज्ज्ञांकडून तपासून घ्या. पुढचा खर्च त्यावर ठरेल.