घरच्या सेलेरिॲकचं काय करावं? बटाट्यासारखी रस्सा भाजी केली तर पाणचट झाली

तुम्ही लिहिलंय की इंदूरलाच गच्चीवर सेलेरिॲक (खाण्याजोगा गड्डा धरणारी सेलेरी) लावलं, गड्डे जेमतेम मोसंबीएवढे निघाले, बटाट्यासारखा गोडा मसाला घालून रस्सा केला तर तो पाणचट झाला आणि औषधासारखा वास आला. उरलेल्या गड्ड्यांचं आणि एवढ्या पाल्याचं काय करू, असं विचारलंय. मीही इंदूरची, राजेंद्रनगरला परसात दर हिवाळ्यात सेलेरिॲक लावते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, याला बटाट्याच्या जागी घालू नका. दिसायला कंद असला तरी ही सेलेरीचीच एक जात आहे, गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप यांच्या कुळातली. शंभर ग्रॅम गड्ड्यात साधारण ८८ ग्रॅम पाणी असतं आणि पिष्ट (स्टार्च) बटाट्याच्या मानाने अगदीच कमी. मग रस्सा दाट होणार कशाने? उलट त्यालाच पाणी सुटतं. आणि याचा जो वास आहे, तो शिजवूनही जात नाही. त्यावर गोडा मसाला घातला की दगडफूल, लवंग, दालचिनी आणि हा असे सगळे एकमेकांवर कुरघोडी करतात. तो औषधी वास तिथलाच. याला मसाला नको, स्निग्ध आणि आंबट हवं: दूध, तूप, साय, दही, लिंबू.

सोलण्याचं आधी सांगते. सोलाण्याने जमत नाही, सुरीच घ्या. बुडाशी मुळांचा गुंता असतो आणि आपली काळी माती त्यात अशी घट्ट बसते की घासून निघत नाही. गड्ड्याचा वरचा आणि खालचा एकेक काप काढा, सपाट बाजूवर उभा ठेवा आणि वरून खाली जाड साल उतरवत न्या. लहान गड्ड्याचा तिसरा भाग सुद्धा जातो, जाऊ द्या, मातीचा एक कण दाताखाली आला की सगळं जेवण बिघडतं. चिरलं की लगेच तपकिरी पडतं. सॅलड करणार असाल तर लिंबाच्या पाण्यात टाका. दुधात शिजवणार असाल तर मात्र नुसत्या पाण्यात, नाहीतर दूध फाटेल.

आता दुधातलाच पदार्थ, माझ्या मते घरच्या गड्ड्याचा सगळ्यात उत्तम उपयोग: भुट्ट्याच्या किसासारखा (मक्याचं कणीस किसून दुधात शिजवतात तसा) कीस. अर्धा किलो सोललेला गड्डा जाड किसणीवर किसा, सोबत एक लहान बटाटा किसून घाला. भुट्ट्याचं पिष्ट दूध आपोआप आटवून धरतं, इथे ते काम बटाटा करतो. दोन मोठे चमचे तूप तापवून मोहरी, जिरं, बारीक चिरलेली हिरवी मिरची. हिंग मी घालत नाही, दोन उग्र वास एका कढईत नकोत. कीस घालून मध्यम आचेवर परता. आधी कच्चा, नाकाला झोंबणारा वास येईल, पाच-सात मिनिटांत तो गोडसर होतो आणि किसाच्या कडा किंचित पारदर्शक दिसायला लागतात. तेव्हाच कपभर गरम दूध घाला, त्याआधी नाही. झाकण ठेवून मंद आचेवर दूध आटेपर्यंत शिजवा, मधून मधून तळापासून हलवा. मीठ आणि चिमूटभर साखर शेवटी. लिंबू कढई खाली उतरवल्यावरच पिळा. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. माझ्या सासूबाई परक्या भाजीला सहसा हात लावत नाहीत, पण हा कीस त्या मागून घेतात.

दुसरी, कच्ची कोशिंबीर. फ्रान्समध्ये याचे काडीसारखे बारीक तुकडे मोहरी घातलेल्या मेयोनेझमध्ये कालवतात, तिथे ती अगदी रोजच्या जेवणातली गोष्ट आहे. आपल्याकडे तर फेसलेली मोहरी आहेच! काड्या चिरून मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवा, म्हणजे ताठपणा मोडतो. सुटलेलं पाणी पिळून टाका. चमचाभर मोहरी थोड्या पाण्यात चांगली झणका येईपर्यंत फेसा, ती पाणी निथळलेल्या घट्ट दह्यात कालवा, साखर घाला आणि काड्या मिसळा. आंबटगोड सफरचंदाच्या फोडी किंवा डाळिंबाचे दाणे छान लागतात. मेयोनेझपेक्षा मला हीच जास्त आवडते, दही त्या वासाला हलकं करतं.

थंडीत इंदूरकराच्या मनात गराडू, म्हणजे तळून खातात तो कंद, येणारच, म्हणून तेही सांगते. सराफ्यातल्या (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) गराडूसारखं तळून बघू नका, गराडू पिठूळ म्हणून कुरकुरीत होतो, यातलं पाणी त्याला लगेच मऊ पाडतं. त्याऐवजी बोटभर जाडीच्या चकत्या करा, तव्यावर तुपात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चांगल्या बदामी होऊ द्या, घाई करू नका, आणि वरून जिरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) आणि लिंबू. जिरावनचा आंबट-तिखटपणा याला शोभतो, कारण तो वरून पडतो, आत शिजत नाही.

सूप वगैरे सोपं आहे: कांदा लोण्यात परतून, गड्डा शिजवून, वाटून, थोडी साय. बटाट्याबरोबर निम्मं-निम्मं कुस्करलं तरी चांगलं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. सेलेरीची ॲलर्जी काही जणांना तीव्र असते, आणि ती शिजवल्यानेही जाईलच असं नाही. युरोपीय संघात ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा आहे, त्यांत सेलेरी येते. घरी कोणाला खाऊन तोंडात खाज, ओठांना सूज असं झालं तर पुन्हा देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. पाहुण्यांना वाढताना आत काय आहे ते सांगा.

गड्डे लहान निघाले याचं वाईट वाटून घेऊ नका. लहान गड्डा आतून पोकळ किंवा भेंडासारखा कमी निघतो. याला लावणीनंतर जवळजवळ चार महिने गारवा लागतो आणि आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं. पुढच्या वेळी ऑगस्टच्या शेवटी सावलीत रोप करा. बी अगदी बारीक असतं, उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीवर नुसतं भुरभुरवा, पुरू नका, आणि दोन-तीन आठवडे ओल मोडू देऊ नका. लावताना रोपाचा गाभा मातीच्या वर राहू द्या. पाण्यात खंड पडला की गड्डा फुगायचा थांबतो.

सध्या जे काढलेत त्यांचा पाला आजच कापा, तो गड्ड्यातलं पाणी ओढतो. गड्डे न धुता ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, काही आठवडे सहज राहतात. पाला कोथिंबिरीसारखा मूठभर घालू नका, कडू आहे. कढीपत्त्यासारखी दोन-चार पानं वरणात किंवा सारात पुरतात. बाकीचा सावलीत वाळवा, चुरा आणि जाड मिठात मिसळून बरणीत भरा. उकडलेल्या अंड्यावर आणि टोमॅटोच्या चकत्यांवर ते मीठ फार छान लागतं. देठ पोकळ आणि चिवट असतात, ते सालीच्या स्वच्छ तुकड्यांबरोबर उकळून पाणी गाळून घ्या आणि त्यात मुगाची खिचडी टाका.