ट्रिमरचं गार्ड काढून चालवलं तर चालतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरामागे छोटी बाग आहे आणि पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं होतं. यंदा मुलाने गवत कापायचा विजेवरचा ट्रिमर घेऊन दिला, वायरवाला. जोडताना गार्ड काही बसेना, माळी म्हणाला राहू द्या, गार्ड नसलं की गवत कापणारी फिरती नायलॉनची दोरी लांब राहते आणि काम लवकर होतं. पण आता थोडा वेळ चालवलं की मोटर तापते, जळका वास येतो आणि दोरी सारखी तुटते. मशीनच खराब आहे का?

उत्तर: मला तरी मशीनपेक्षा गार्डचाच प्रॉब्लेम वाटतोय. गार्ड फक्त खडे अडवायला नसतं हो, त्याच्या कडेला एक छोटं पातं असतं बघा, दोरी जास्त बाहेर आली की ते पातं ती मापात कापतं. गार्डच नाही म्हटल्यावर दोरी लांबच राहणार, ती फिरवताना मोटरवर लोड येतो, स्पीड पडतो, करंट जास्त खेचला जातो आणि मग तापणं, वास, सगळं त्यातूनच. आणि गवत कापतं ते दोरीचं टोक, तेही स्पीडमुळे, स्पीड पडला की गवत नुसतं आडवं होतं. त्यामुळे माळीबुवांचं म्हणणं मला पटत नाही.

आधी प्लग काढा आणि मग बसवायला घ्या. काही मॉडेलमध्ये गार्ड आधी आणि स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, नंतर लावायचा असतो, क्रम उलटा झाला तर गार्ड आत सरकतच नाही, तुमचंही तेच झालं असेल तर स्पूल काढून बघा. स्क्रू दिला असेल तर तो पण नीट आवळा. वास तरीही येत राहिला तर मात्र चालवू नका, सर्व्हिसला दाखवा.

दोरी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जाडीचीच आणा, छोट्या विजेच्या ट्रिमरला साधारण १.२ ते १.६ मिमी लागते, पेट्रोलवाल्याची २.४ ची जाड दोरी यात घालू नका. स्पूलवर बाण असतो, त्याच दिशेने घट्ट गुंडाळा, वेढे एकमेकांवर चढले की दोरी आत अडकते. नायलॉन उन्हाळ्यात पडून पडून कडक होतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, मऊ पडतं आणि कमी तुटतं. भिंत आणि तारेच्या कुंपणापासून जरा लांब राहा, सुरू करण्याआधी गिट्टी, खिळे वेचून घ्या. आणि गुडघाभर गवत एकदम मुळाशी नका धरू, वरून थोडं थोडं उतरवत या.

विजेचं मात्र मनावर घ्या. आपल्या माळव्यातली काळी माती पाऊस थांबल्यावरही ओली राहते, तेव्हा चांगली उघडीप मिळाली, गवत आणि जमीन वाळली की मगच वायरवालं मशीन बाहेर काढा. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण सोडा नाहीतर ती पण तापते, आणि चालताना ती कायम पाठीमागे असू द्या. चष्मा, बूट, फुल पँट हवीच, मुलांना त्या वेळी घरातच ठेवा.

बागेत नवीन लावलेलं लिंबू, सीताफळ असेल तर त्याच्या बुंध्याशी दोरी अजिबात नेऊ नका. साल चारी बाजूंनी सोलली गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड हळूहळू वाळतं, मला याचं फार वाईट वाटतं कारण तेवढं गवत हाताने काढायला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

प्रश्न: शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून गाजर गवत आत येतं, तेही ट्रिमरनेच कापू का?

उत्तर: नको. कापलं की बुडातून परत फुटतं, आणि तुकडे अंगावर उडतात, बऱ्याच जणांना त्याने खाज सुटते, पुरळ उठतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत देशभर पसरलं, कारण एकेक झाड हजारो बिया टाकतं. पाऊस पडून माती मऊ झाली की हातमोजे घालून मुळासकट उपटा, आणि पांढरी फुलं यायच्या आत.