विंडोज अपडेट इन्स्टॉल होत नाही, दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रिंटिंगचं छोटं दुकान, विंडोज ११ चा लॅपटॉप, बॅटरी कामातून गेलेली म्हणून चार्जर लावूनच चालवता. एकदा अपडेट चालू असताना वीज गेली. तेव्हापासून दर महिन्याचं अपडेट डाउनलोड होतं, इन्स्टॉल होता होता थांबतं आणि ०एक्स८००७३७१२ असा कोड दाखवतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो की फॉरमॅटशिवाय इलाज नाही. आणि लॅपटॉपवर श्रीलिपी, कोरलड्रॉ, टॅली असं सगळं बसवलेलं आहे.

फॉरमॅट करू नका. तुमच्याकडे जो कोड आलाय त्यावर फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही. मी एका संस्थेतले कॉम्प्युटर सांभाळतो, अपडेट अडकण्याचे प्रकार माझ्यासमोर कायम येतात. फॉरमॅटने अपडेट सुरू होतं हे खरं, पण तुमच्यासारख्याचे त्यानंतरचे दोन-तीन दिवस फॉन्ट, लायसन्स, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि जुन्या फाइली जुळवण्यात जातात. लग्नसराईत हे कोणाला परवडणार?

आधी तो कोड वाचूया. लोक कोड बघतात, घाबरतात आणि खिडकी बंद करतात, पण बिघाडाची निम्मी माहिती त्यातच असते. ८००७ ने सुरू होणारा कोड असला तर पुढचे चार आकडे हे विंडोजचा साधा एरर नंबर असतात, फक्त हेक्स म्हणजे सोळावर आधारलेल्या पद्धतीत लिहिलेले. विंडोजमधलंच कॅल्क्युलेटर उघडा, मेनूतून प्रोग्रॅमर निवडा, हेक्सवर क्लिक करा आणि ३७१२ टाइप करा. शेजारी डेकसमोर १४०९८ दिसेल. आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून टर्मिनल (ॲडमिन) उघडा. तिथे इंग्रजीत नेट, एक स्पेस, हेल्प आणि त्याला जोडूनच एम-एस-जी, परत स्पेस आणि १४०९८ असं लिहून एंटर दाबा. विंडोज स्वतःच सांगतं की कम्पोनंट स्टोअर खराब झालं आहे. हीच युक्ती ०एक्स८००७००७० ला लावली तर ७० चे ११२ होतात आणि उत्तर येतं की डिस्कवर पुरेशी जागा नाही. एक कोड, एक कारण. मग तिथे फॉरमॅट कशाला, सी ड्राइव्हवरचा पसारा काढला की झालं.

तर तुमचं कम्पोनंट स्टोअर खराब झालंय. हे म्हणजे विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस नावाचं फोल्डर. विंडोजच्या सगळ्या भागांच्या मूळ फाइली तिथे असतात. हल्लीच्या मासिक अपडेटमध्ये अख्ख्या फाइली येत नाहीत, मूळ फाइल आणि नवी फाइल यांतला फरक तेवढा येतो. तुमच्या लॅपटॉपवरची मूळ फाइल घेऊन त्यावर तो फरक चढवला जातो आणि नवी फाइल तयार होते. मूळ फाइलच अर्धवट लिहिलेली असली तर फरक चढवायचा कशावर? म्हणून अपडेट कितीही वेळा डाउनलोड केलं तरी त्याच जागी अडतं. लिहिणं चालू असताना वीज गेली, बॅटरीने सांभाळून घेतलं नाही, आणि हे झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तीन गोष्टी, आणि यात घाई नको.

पहिली, बॅकअप. टॅलीचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या, कोरलच्या फाइली आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू दिसत असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर मिळते. ज्याच्याकडे ही की नाही त्याचा डेटा ऐन वेळी कोणीही काढून देऊ शकत नाही, म्हणून हे सगळ्यात वर लिहितोय.

दुसरी, डिस्कची तब्येत. वीज जाण्याने फाइल खराब होते तशी झिजलेल्या डिस्कनेही होते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती करत बसलात तर उरलीसुरली फाइलही जाईल. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं की वरच गुड, कॉशन किंवा बॅड असं लिहून येतं. कॉशन किंवा बॅड आलं तर इथेच थांबा, आधी डिस्क बदला. गुड आलं तर टर्मिनलमध्ये चेकडिस्क चालवा: सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, सी आणि कोलन, स्पेस, तिरकी रेघ आणि स्कॅन. विंडोज चालू असतानाच हे होतं, रीस्टार्ट लागत नाही.

तिसरी, वीज. लॅपटॉप इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर ठेवू नका, गरम होताना तो इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो. बॅटरी नवीन घालायचं टाळत असाल तर तिचा खर्च आणि अशा बिघाडाचा खर्च एकदा ताडून बघा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे, ती आजच काढून घ्या.

आता मुख्य काम. ॲडमिनच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्यायची. इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, मी उच्चाराप्रमाणे लिहितो: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक स्पेस, रेघेनंतर नाही. खराब फाइली शोधायच्या आणि त्यांच्या जागी चांगल्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आणायच्या, हे तिचं काम. म्हणजे इंटरनेट चालू हवं. मध्येच एखाद्या टक्क्यावर, बऱ्याचदा ६२.३ वर, ती मेल्यासारखी थांबते. ती थांबलेली नसते. खिडकी बंद करू नका, चहा घेऊन या, दुसरं काम करा.

ती यशस्वी झाली की दुसरी आज्ञा: एसएफसी /स्कॅननाऊ. पहिली आज्ञा कोठार, म्हणजे ते कम्पोनंट स्टोअर, नीट करते, दुसरी त्या कोठारातल्या फाइली घेऊन चालू विंडोजमधल्या खराब फाइली बदलते. म्हणून क्रम हाच ठेवायचा. नेटवर पुष्कळ ठिकाणी उलटा क्रम सांगतात. कोठारच नासलं असताना एसएफसी चालवली तर ती काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत एवढंच सांगून मोकळी होते, आणि माणूस हताश होतो. दोन्ही झालं की रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग अपडेट पुन्हा चालवून बघा. तुमच्या कोडचे बरेच लॅपटॉप इथेच मार्गी लागतात.

डीआयएसएमनेच हात वर केले, ०एक्स८००एफ०८१एफ असा काही कोड देऊन सोर्स सापडत नाही म्हणाली, तरी फॉरमॅटची वेळ आलेली नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे जा. विंडोज अपडेट वापरून अडचणी सोडवा अशा अर्थाची ओळ आणि तिच्यापुढे रीइन्स्टॉल नाऊ असं बटण आहे. ते दाबलं की चालू आवृत्तीच विंडोज पुन्हा उतरवून घेतं आणि स्वतःवर बसवतं. प्रोग्रॅम, फाइली, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. डाउनलोड काही जीबींचं असतं, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या डेटा मर्यादेत हे बसणार नाही. एखाद्या रात्री ब्रॉडबँडवर लावा.

ते बटण दिसत नसेल किंवा तेही अडलं, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खा सेटअप असलेली एकच फाइल, घ्या. उघडलेल्या विंडोजमध्येच तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतला सेटअप चालवा. पेनड्राइव्हवरून बूट करायचं नाही, ते केलंत तर तो फॉरमॅटचाच रस्ता. सेटअप विचारतो की काय काय ठेवायचं. तिथे फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवा हाच पर्याय निवडलेला हवा. तो पुसट दिसत असेल, निवडता येत नसेल, तर सेटअप बंद करा, पुढे जाऊ नका. कारण बहुधा भाषेचं असतं: आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर इंग्रजी युनायटेड स्टेट्स असतं आणि माणूस डाउनलोड करताना इंग्रजी इंटरनॅशनल निवडतो. विंडोजला या दोन वेगळ्या भाषा वाटतात. योग्य भाषेची आयएसओ घेतली की तो पर्याय उजळतो. सगळं झाल्यावर सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर दिसेल, ते लगेच पुसू नका. काही बिनसलं तर १० दिवसांपर्यंत मागे जाता येतं ते त्याच्याच जोरावर.

आता सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डर पुसा या सल्ल्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी तो देणारच. त्या फोल्डरमध्ये डाउनलोड झालेली अपडेट्स असतात. डाउनलोडच अर्ध्यावर अडत असेल, शून्यावरून हलत नसेल, तेव्हा विंडोज अपडेटची सर्व्हिस आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस थांबवून त्या फोल्डरचं नाव बदलावं. उपयोग होतो, नुकसान काही नाही. तुमचं डाउनलोड मात्र व्यवस्थित होतंय, अडतंय ते पुढे. म्हणून तिथे वेळ घालवू नका. आणि एका क्लिकमध्ये अपडेट दुरुस्त करतो म्हणणारी पैसे मागणारी सॉफ्टवेअरं तर मशीनवर येऊच देऊ नका. ती करतात तेवढं वरच्या दोन आज्ञा फुकट करतात, आणि जाताना काय मागे ठेवून जातात ते कळत नाही.

हा प्रश्न शोधत दुसरे कोड घेऊन लोक येतील, त्यांच्यासाठी थोडंसं. ०एक्स८००७२एफ८एफ आला तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख भलतीच मागे जाते, सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला चुकीचं ठरतं आणि विंडोज सर्व्हरशी बोलायला तयार होत नाही. सेल बदलायचा, तारीख नीट करायची, संपलं. ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा कोड मोठ्या आवृत्तीबदलाच्या वेळी येतो आणि तो ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. जादाच्या यूएसबी वस्तू काढा, बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरता काढून टाका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घाला. ०एक्स८००७०६४३ ची गोष्ट वेगळी आहे. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी आलेलं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर याच कोडने पडलं, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कचा दुरुस्तीसाठी राखलेला भाग) २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि पार्टिशन मुळातच लहान होतं. मशीन ठणठणीत होतं. ज्यांना त्या वेळी फॉरमॅटचं बिल लागलं त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. आणि विंडोज १० वर अपडेट येतच नाही म्हणणाऱ्यांनी तारीख लक्षात घ्यावी: १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, पुढची सुरक्षा अपडेट्स ईएसयूमध्ये (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स ही मायक्रोसॉफ्टची योजना) नोंदणी केली तरच मिळतात.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतः फॉरमॅटच सुचवतो. लॅपटॉपवर कोणी ॲक्टिव्हेटर मारलेलं (लायसन्सशिवाय चालवलेलं) किंवा काटछाट केलेलं लाइट विंडोज टाकून दिलं असेल, तर त्यात अपडेटचे भाग बऱ्याचदा मुळातूनच उपटलेले असतात. तिथे वरचं काहीही चालत नाही. बॅकअप घेऊन अस्सल विंडोज नव्याने बसवा. तुमचा लॅपटॉप कंपनीच्या विंडोजसकट आलेला असेल तर लायसन्स मशीनमध्येच असतं, तीच एडिशन बसवली की ते आपोआप लागू होतं. वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये काय दिसलं आणि डीआयएसएमने शेवटची ओळ काय दिली, हे दोन्ही इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.